जुना दिवा मालवून पाहा

झेक प्रजासत्ताकाच्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये एक तारीख जाहीर केली. ६ जून २०३२ पासून त्या सरकारच्या सेवा इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांवरून मिळणार नाहीत; ज्याला त्या हव्या असतील त्याने नव्या पत्त्यावरून यावे, असा तो निर्णय आहे. सुमारे एक कोटी लोकवस्तीचा एक लहान देश आठ वर्षे आधी आपल्या नागरिकांना सांगतो की, अमुक दिवशी हा दिवा आम्ही मालवणार आहोत. त्यात घाई नाही की दरडावणी नाही. आपल्या देशात याच विषयावरचे पहिले सरकारी धोरण जुलै २०१० मध्ये निघाले, दुसरे मार्च २०१३ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुदती पुन्हा नव्याने आखल्या गेल्या. या सर्व कागदांत नवे सुरू करण्याच्या तारखा आहेत. जुने बंद करून पाहण्याचे धाडस त्यांत कोठे दिसत नाही, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

विषय तांत्रिक आहे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. पत्त्याचा प्रश्न आपणांस नवा नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला, तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचेच. एकाच नावाची गावे, नाना लिपींतील अक्षरे आणि घाईत खरडलेली नावे यांतून पत्र बिनचूक जावे म्हणून त्यांनी सहा अंकांची योजना केली. गोव्याच्या वाट्याला ४०३ ने सुरू होणारे अंक आले. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रालाही असाच एक अंकात्मक पत्ता लागतो. आपण नाव टंकतो, पण यंत्र त्या नावाचा अंक शोधते आणि त्या अंकाकडे जाते. पत्ता कसा लिहावा, टपालाचे गठ्ठे कसे बांधावेत आणि कोणी कोणाकडे सोपवावेत याचे जे नियम, त्यांनाच इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात.

आज प्रचारात असलेल्या त्या नियमांची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिली गेली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने तिचा स्वीकार केला. त्या योजनेत जास्तीत जास्त ४२९ कोटी पत्ते बसतात. जाळ्याला जोडलेले संगणक मुख्यतः काही विद्यापीठांत आणि लष्करी संशोधनसंस्थांत असण्याचा तो काळ. तेव्हा ही संख्या कुबेराच्या भांडारासारखी वाटली असल्यास नवल नाही. भांडार तसे वाटलेही गेले. मॅसॅच्युसेट्स येथील एका तंत्रविद्यापीठाच्या, म्हणजे एमआयटीच्या, वाट्याला एक कोटी ६७ लाख पत्ते आले होते; त्यांतील बहुतेक वापराविना पडून असल्याचे त्या संस्थेने २०१७ मध्ये स्वतःच सांगितले आणि जवळजवळ निम्मे विकावयास काढले. १४० कोटींच्या भारताच्या पदरात असे पत्ते आहेत जेमतेम चार कोटींच्या घरात. पंगतीला जे आधी बसले त्यांना दोनदा वाढले गेले, आणि मागून आलेल्यांना पातेले खरवडून मिळाले.

पातेले रिकामे झाले त्याची तारीखही नोंदलेली आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाच्या संस्थेने शिधावाटप सुरू केले. तेव्हापासून पत्ता ही बाजारात विकावयाची वस्तू झाली आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन कंपनी आपल्या भाड्याच्या संगणकांवरील प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट आकारते. रक्कम क्षुल्लक दिसते. वर्षाची बेरीज सुमारे ४४ डॉलर होते. ज्याचे भांडवल मोठे त्याला ती जाणवणार नाही. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या तरुणाने आपला लहानसा उद्योग इंटरनेटवर मांडावयाचे ठरविले, तर केवळ घराच्या क्रमांकापोटी त्याला हे भाडे दर वर्षी भरावे लागेल.

ज्यांना पत्ता मिळत नाही त्यांचे काय होते, हे आपण सारे अनुभवतोच. फक्त त्याचे कारण आपणांस ठाऊक नसते. सेवा पुरविणारी कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे करते. चाळीतील सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच पत्रपेटी असावी तसे हे असते. एका बिऱ्हाडकरूने कोठे आगळीक केली की समोरचा दुकानदार साऱ्या चाळीला दार बंद करतो. पोलिसांनी गुन्हेगाराचा माग काढला तर तो चाळीच्या दारापर्यंत येतो आणि थांबतो. पुढे कोणते बिऱ्हाड, हे शोधण्यास कंपनीच्या दप्तरातील सेकंदासेकंदाची नोंद लागते. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर तक्रार केली होती. आणि ज्याला आपल्या घरात स्वतःचे काही मांडावयाचे आहे, उदाहरणार्थ परगावाहून घरावर नजर ठेवणारा कॅमेरा, त्याला बाहेरून थेट आत येता येत नाही. त्याने परक्या कंपनीचा मध्यस्थ गाठावा किंवा स्वतंत्र पत्त्याचे जादा पैसे भरावेत. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती की, त्यावरील प्रत्येक जण मागणाराही असेल आणि देणाराही. सामायिक पत्त्यामागे उभा असलेला मनुष्य केवळ मागणारा उरतो. स्वतःच्या दाराला स्वतःचा क्रमांक असणे ही हौसेची बाब आहे, असे आम्हांस वाटत नाही.

उपाय केव्हाच तयार आहे. प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, सामान्य भारतीयाला इंटरनेटची जोडणी मिळू लागली तीही त्याच वर्षी १५ ऑगस्टला. या आवृत्तीतील पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी आहे. प्रत्येक घराला, प्रत्येक यंत्राला पुरून उरतील इतके पत्ते तिच्यात आहेत. अडचण एकच आणि ती मुळातली आहे. चौथी आणि सहावी या दोन आवृत्त्यांना एकमेकींची भाषा समजत नाही. ज्याच्याकडे केवळ सहावीचा पत्ता आहे तो केवळ चौथीवर बसलेल्या संकेतस्थळापर्यंत आपल्या बळावर पोचू शकत नाही.

कोकण रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून गोव्यास रेल्वेने आलेल्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. मुंबईहून रुंद मापाची गाडी मिरजेपर्यंत येई. तेथून वास्कोकडे जाणारा रूळ अरुंद, मीटरमापाचा. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही. ट्रंका, वळकट्या, पोरेबाळे यांसह मिरजेच्या फलाटावर उतरावे आणि दुसरी गाडी धरावी, हाच क्रम होता. इंटरनेटवर आज अशी मिरज जागोजाग बसविलेली आहे. तिला भाषांतरकार म्हणता येईल. नवा पत्ता घेऊन आलेल्याला हे यंत्र जुन्या पत्त्याच्या गाडीत बसवून देते, आणि नावांची वही सांभाळणारा तिचा जोडीदार जुन्या संकेतस्थळांना तात्पुरते नवे अंक चिकटवितो. व्यवस्था चतुर आहे; तिचे नियम एप्रिल २०११ मध्ये ठरले. पण मिरजेला गाडी बदलून गोव्यास पोचता येत होते, म्हणून मिरज हे गोवा नव्हे.

दुसरा मार्ग दोन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी टाकण्याचा. जगातील बहुतेकांनी तोच पत्करला, भारतानेही पत्करला. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली तीच सहाव्या आवृत्तीसह, आणि नंतर इतर मोबाईल कंपन्यांनाही ती वाट धरावी लागली. गूगल कंपनीच्या मोजणीत आज भारतातून येणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक सहाव्या आवृत्तीवरून येतात. साऱ्या जगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. येथे आपण अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत आणि याचा अभिमान वाटण्यास हरकत नाही.

मात्र या आकड्याने डोळ्यांवर झापड येऊ नये. तो आकडा ग्राहकांच्या हातातील फोनचा आहे; त्या फोनने ज्या कचेऱ्यांची दारे ठोठवावयाची त्यांचा नाही. शिवाय दोन्ही रूळ शेजारी असले की एक विचित्र गोष्ट घडते. फोन आणि संगणक आता असे बनविले जातात की, ते प्रथम नव्या वाटेने जाऊन पाहतात आणि सेकंदाच्या काही अंशात उत्तर आले नाही तर गुपचूप जुनी वाट धरतात. वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. पान उघडते, काम होते, आणि नवा रूळ मध्येच उखडलेला आहे ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. कचेरीतील अधिकारी आपल्या संगणकावर संकेतस्थळ उघडून पाहतो, ‘चालते’ असा शेरा मारतो आणि अहवालात स्थलांतर पूर्ण झाल्याची नोंद होते. खोटे कोणीच बोललेले नसते, आणि तरीही अहवाल खोटा असतो.

म्हणूनच जाणत्यांनी फार पूर्वी ठरविले की, यावर परीक्षा एकच आहे. जुना रूळ काढून घ्यावा आणि काय काय धावते ते पाहावे.

मार्च २००८ मध्ये फिलाडेल्फिया येथे इंटरनेटचे नियम करणाऱ्या अभियंत्यांची परिषद भरली होती. तेथे एका सायंकाळी, सर्वांच्या सभेत, तासाभरासाठी चौथी आवृत्ती बंद करण्यात आली. नियम लिहिणाऱ्यांनाच त्या नियमांवर जगून दाखविण्यास सांगितले गेले! त्या वेळी सहाव्या आवृत्तीवर पाहण्याजोगे फार थोडे होते. गूगलने आपल्या शोधपानाचे नवे दार त्याच निमित्ताने उघडले. परीक्षेची तारीख जवळ आली की अभ्यास होतो, हा अनुभव केवळ शाळकरी मुलांचा नसतो. पुढे फिनलंडमधील दोन अभियंत्यांनी एक कचेरी व एक घर केवळ सहाव्या आवृत्तीवर, भाषांतरकाराच्या साहाय्याने, चालवून पाहिले आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वृत्तान्त प्रांजळ आहे. संकेतस्थळे व टपाल उत्तम चालले. स्काईप चालले नाही, आणि अनेक खेळ अडून बसले. ब्रुसेल्स येथे दर वर्षी भरणाऱ्या फोसडेम या मुक्त प्रणालींच्या मेळाव्याने २०१४ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. येणाऱ्या हजारो पाहुण्यांना प्रथम मिळणारे बिनतारी जाळे केवळ सहाव्या आवृत्तीचे ठेवले, आणि ज्याचे अडेल त्याच्यासाठी जुने जाळे बाजूला ठेवले. अडचण ज्याला येईल त्याने उठून दुसरीकडे जावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. नव्याची इच्छा असणाऱ्याने अर्ज करावा लागतो.

या सर्व प्रयोगांहून अधिक परिणाम झाला तो एका व्यापारी कंपनीच्या हुकुमाचा. ॲपलने १ जून २०१६ पासून आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक ॲपने केवळ सहाव्या आवृत्तीच्या जाळ्यावर चालून दाखविले पाहिजे अशी अट घातली, आणि तसे जाळे घरबसल्या उभे करता यावे म्हणून आपल्या संगणकातच त्याची सोय करून दिली. सरकारांच्या परिपत्रकांनी वर्षानुवर्षे जे झाले नाही ते या अटीने झाले. खाजगी कंपनीची हुकूमत आम्हांस एरव्ही रुचणारी नाही. पण या ठिकाणी तिने सरकारांना धडा घालून दिला हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या खात्यांना दिलेला आदेशही याच धर्तीचा आहे. २०२५ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस जाळ्यावरील ८० टक्के यंत्रे केवळ सहाव्या आवृत्तीवर असावीत, असे त्यात म्हटले होते. ‘सहावीही असावी’ असे त्या आदेशात नव्हते; ‘सहावीच असावी’ असे होते. एका प्रत्ययात सारे धोरण सामावलेले आहे.

अशा परीक्षेत नापास होण्याची कारणे पाहिली तर ती फार मोठी नसतात, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे लपून राहतात. कोणी कार्यक्रम लिहिताना नावाऐवजी थेट जुना अंकच कोरून ठेवलेला असतो. नावांच्या वहीकडे तो जातच नाही, मग भाषांतरकार काय करणार? कोठे मुख्य पान नव्या पत्त्यावर उघडते, पण त्यातील चित्रे, नकाशा किंवा पैसे भरण्याचा भाग ज्या दुसऱ्या संगणकावरून येतो तो जुनाच असतो. म्हणजे पडवीत स्वागत आणि माजघराला कुलूप. कोठे नावांच्या वहीत नवा पत्ता डौलाने नोंदलेला असतो, पण त्या पत्त्यावर दार उघडावयास कोणी बसलेलेच नसते. कोठे नोंदणीच्या अर्जात पत्त्यासाठी जुन्या मापाची चौकट आखलेली असते, आणि नवा लांब पत्ता तिच्यात मावत नाही.

सर्वांत फसवा दोष पहारेकऱ्याचा. सहाव्या आवृत्तीत वाटेवरची यंत्रे टपालाचा मोठा गठ्ठा फोडून लहान करीत नाहीत; ‘गठ्ठा मोठा आहे, लहान बांधून पाठवा’ असा निरोप मूळ प्रेषकाकडे परत धाडतात. कित्येक कचेऱ्यांच्या दारावरचा पहारा असे निरोप अनोळखी म्हणून फेकून देतो. परिणामी लहान पान चटकन उघडते आणि मोठा दस्तऐवज अर्ध्यावर लटकतो. नागरिकाला वाटते आपला फोन बिघडला. तो दुकानात जाऊन नवा घेतो. दोष असतो कचेरीच्या दाराशी.

बड्यांचेही पाय मातीचे असतात. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जेथे ठेवतात ते गिटहब हे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे कोठार २०२४ सालीही केवळ सहाव्या आवृत्तीवरून उघडत नव्हते. स्वस्तात मिळतो म्हणून ज्याने केवळ नव्या पत्त्याचा संगणक भाड्याने घेतला, त्याला पहिल्याच दिवशी हत्यारांच्या कोठारापुढे ताटकळत उभे राहावे लागे. जुन्या पत्त्याचे भाडे टाळण्याची वाट अशी बड्यांच्या दिरंगाईनेच अडविली जाते.

आता आपल्या घराकडे वळू. नोव्हेंबर २०२१ च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे सरकारी संस्थांनी आपली संकेतस्थळे ३० जून २०२२ पर्यंत सहाव्या आवृत्तीवरही आणावयाची होती, आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिली जाणारी प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी सहाव्या आवृत्तीस सक्षम असावयाची होती. दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत. गोवा हे लहान राज्य आहे, आणि अशा कामी लहानपण ही मोठी सोय असते. एक-चौदाचा उतारा, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, वीजबिल, परीक्षांचे निकाल, रुग्णालयाची नोंदणी ही कामे आज ज्या पडद्यावर होतात, त्या सर्वांची यादी एका पानावर मावेल. सत्तरीतील शेतकरी किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्याची घरी असलेली आई मामलेदार कचेरीचा हेलपाटा वाचावा म्हणून हा पडदा उघडते, तेव्हा तो उघडलाच पाहिजे. अर्ध्यावर लटकलेल्या उताऱ्याची तक्रार करावी तर कोणत्या खिडकीवर, हेही तिला कोणी सांगितलेले नसते.

आमची सूचना साधी आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने महिन्यातून एका रविवारी, सकाळी एक तास, एका खोलीत केवळ सहाव्या आवृत्तीचे जाळे उभे करावे. त्यावरून या यादीतील प्रत्येक सेवा आरंभापासून पावती हाती पडेपर्यंत पुरी करून पाहावी. केवळ पहिले पान उघडले म्हणून बरोबरची खूण करू नये. परीक्षा दोनदा घ्यावी. एकदा भाषांतरकारासह, त्यात ॲपमधील कोरलेले जुने अंक उघडे पडतील. दुसऱ्यांदा भाषांतरकाराविना, त्यात आपले संगणक स्वतःच्या पायांवर उभे आहेत की नाहीत ते कळेल. सरकारी सेवेने दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण झाले पाहिजे, कारण मिरजेचा फलाट कायमचा सांभाळण्याचा खर्चही शेवटी जनतेच्याच खिशातून जातो. याला कोट्यवधींची निविदा लागत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार विद्यार्थी आणि एक जाणता अध्यापक हे काम करू शकतील, आणि शिकतीलही.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, जुने फोन वापरणाऱ्या गरिबांचे काय? त्याचे उत्तर सरळ आहे. जुने बंद करा असे आम्ही आज म्हणत नाही; एका खोलीत, एका तासासाठी बंद करून पाहा एवढेच म्हणतो. गरिबाचा जुना रूळ तोपर्यंत शाबूत राहतो. दुसरा आक्षेप असा की, सामायिक पत्त्यामागे दडलेले बरे, त्यात सुरक्षितता आहे. चाळीत गर्दी आहे म्हणून चोर येत नाही असे मानण्यासारखेच हे झाले. संरक्षण करतो तो पहारा. तो नव्या पत्त्यांच्या दारावरही बसविता येतो आणि बसविला पाहिजे. यंत्राच्या पत्त्यावरून माणसाचा माग काढला जाऊ नये म्हणून नव्या योजनेत फोन आपला पत्ता वेळोवेळी बदलू शकतो, आणि बहुतेक फोन तसे करतातही.

निकाल मात्र दडवू नये. कोणत्या खात्याची कोणती सेवा कोठे अडली, आणि ती केव्हापर्यंत दुरुस्त होईल, हे प्रत्येक परीक्षेनंतर जाहीर व्हावे. खाते कळवील तर तो तक्ता या पानावर छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू. तसेच यापुढे निघणाऱ्या प्रत्येक निविदेत, संकेतस्थळाची असो वा ॲपची, शेवटचा हप्ता या एका तासाच्या परीक्षेनंतरच द्यावा असे कलम घालावे. ते कलम लिहावयास दोन ओळी पुरतात, आणि पुढील अंदाजपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.